जुनी मोटार, जुना ट्रॅक्टर: नव्याने नाद लागलेल्यांसाठी

जुन्या गाड्यांचा नाद लागला की माणूस सगळ्यात आधी मोबाइलवर जाहिराती बघायला लागतो. 'पद्मिनी, चालू कंडिशन, कागद क्लिअर, हौशी माणसानेच फोन करावा.' थोड्याच दिवसांत दारात एक गाडी येऊन उभी राहते. तिचे कागद क्लिअर नसतात आणि कंडिशन चालू नसते.

माझ्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे आणि गावाकडे आजोबांनी घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर. दोन्ही चालतात. त्या दोघांपायी आरटीओ, भंगारबाजार, इंजिनाचं बोअरिंग करणारे आणि घरचे वारसदार असं सगळं फिरून झालं. नवीन माणसाने कोणत्या क्रमाने जावं, ते खाली लिहितो. गाडी घेणं ही बरीच पुढची पायरी आहे, आणि काही जणांना तिथपर्यंत जायची गरजही पडत नाही.

१. आधी फुकटात बघून घ्या

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅल्या होतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, ती बघायला तिकीट लागत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. थोडं लांब जायची तयारी असेल तर अहमदाबादजवळ कठवाड्याचा संग्रह आणि कोइम्बतूरचं जीडी कार म्युझियम बघा.

रॅलीला झेंडा दाखवायच्या वेळी जाऊ नका, तासभर आधी जा. गार इंजिन सुरू होताना जे दिसतं ते नंतर रांगेत चकाकणाऱ्या गाडीत दिसत नाही. कोण चोक ओढतो, कोण इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा हात मारतो, कुणाची गाडी पहिल्या सेल्फला पकडते आणि कुणाला चौघांनी ढकलावी लागते, हे तिथे उभं राहून शिकायचं. मालकाला किंमत विचारू नका. 'पार्ट कुठून आणता?' आणि 'मिस्त्री कोण?' हे दोन प्रश्न विचारा, तो स्वतःहून बॉनेट उघडून दाखवेल. गाडीला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि पट्ट्याचं बक्कल रंगाला लागेल इतकं टेकून उभं राहायचं नाही.

२. आपल्याला झेपेल अशी गाडी ओळखा

सुरुवातीला ज्याचे पार्ट आणि ज्याचा मिस्त्री पन्नास किलोमीटरच्या आत मिळतो, तीच गाडी आपली. हा निकष कोरडा वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे. त्यात बसणाऱ्या मोटारी मुख्यतः तीन.

पहिली पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली, मुळात इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. तिची थोरली बहीण म्हणजे पुढचे दरवाजे उलटे उघडणारी डुक्कर फियाट. देखणी आहे, पण तिच्या काचा आणि पट्ट्या शोधताना दमछाक होते.

दुसरी ॲम्बेसेडर. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. दणकट आहे, आत पाय पसरून बसता येतं. मात्र मधल्या काळात इंजिनं बदलली, तेव्हा समोरच्या गाडीत मूळचंच इंजिन आहे का ते बघा.

तिसरी जीप. विलिसची जुळणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. इथे फसवणूक जास्त होते: जुन्या नंबरवर नवी बॉडी, नव्या बॉडीखाली तिसऱ्याच गाडीची चेसिस.

ट्रॅक्टरांचं घराणं मोठं आहे. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबादला बनवलेला ट्रॅक्टर देशात तयार झालेला पहिला म्हणून ओळखला जातो. १९६० च्या दशकात टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्स आणि महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत काढलेल्या कंपनीचा बी-२७५ आला. पाठोपाठ एचएमटीचा झेटर, आणि १९७४ मध्ये स्वराज ७२४. त्याआधी चेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि रशियातून आलेले ट्रॅक्टरही आपल्याकडे नांगरायचे. अजून मागे जायचं तर इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ या काळात बनलेला करडा टीई-२० फर्ग्युसन. हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची लिफ्ट आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे दिसते. त्याआधी नांगर नुसता मागून ओढला जायचा. लिफ्टमुळे तो ट्रॅक्टरचाच भाग झाला, आणि हलका ट्रॅक्टरही खोल नांगरायला लागला.

३. ट्रॅक्टर असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ट्रॅक्टर दुरुस्त कधीही होईल. पण त्यावर बसलेला ड्रायव्हर ऐंशीच्या पुढे गेलेला असतो.

मालकापेक्षा ड्रायव्हरकडे आधी जा. 'तेव्हा कसं होतं हो?' असं विचारलंत तर 'लय भारी होतं' एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. पहिलं रान कुणाचं नांगरलं? तासाला काय घ्यायचा? डिझेल कुठून यायचं, बॅरल कशात आणायचा? सेल्फ गेला तर उतारावर कुठे लावून ठेवायचा? घरचे बैल कधी विकले, आणि कुणी विकू दिले नाहीत? साल आठवत नसेल तर खुणा द्या: कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर. सातारा-सांगलीकडच्या माणसाला भूकंपाच्या खुणेवरून साल बरोबर लागतं. तो ११ डिसेंबर १९६७ चा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण पंखा बंद करून. घरात खालील वस्तू शोधा:

- खरेदीची पावती, डिलिव्हरी चलन, कर्जाचं पासबुक
- तासांची वही: भाड्याने नांगरट केली की कुणाकडे किती तास झाले, किती बाकी, हे त्यात लिहिलेलं असतं
- दसऱ्याला हार घातलेला ट्रॅक्टर आणि सगळं घर असा एक तरी फोटो
- मूळ पानापेटी, ग्रीस गन, माहितीपुस्तिका

आमच्या वहीत शेवटच्या पानांवर उधारीची नावं आहेत, आणि त्यातली काही मंडळी आज आम्हालाच ऊसतोडीला ट्रॅक्टर भाड्याने देतात.

मशीनवरचा नंबरचा पत्रा, इंजिनवरचे ओतीव आकडे, उरलेली स्टिकरं यांचे फोटो रंगकामाच्या आधीच काढा. मूळ रंग बघायचा असेल तर डिझेल टाकीच्या खालच्या अंगाला आणि डॅशबोर्डच्या आत बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं. पेंटर 'याहून झकास लाल मारतो' म्हणेल. मारू देऊ नका.

४. कागद: गाडी बघण्याआधी हेच बघा

मोटार असो वा ट्रॅक्टर, आरसी बुकाचा फोटो मागवल्याशिवाय घरातून निघू नका. 'कागद गावाला आहेत' याचा अर्थ कागद नाहीत.

विकत घेताना लागणारे कागद:

- मूळ आरसी बुक, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर त्या नंबरची नोंद
- फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसह
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी
- कर्जाची नोंद असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
- विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं

आता सापळे.

एमएच-१२, एमएच-०९ ही पद्धत येण्याआधीचे तीन अक्षरी नंबर पुष्कळदा संगणकावर चढलेलेच नसतात. मग आरटीओत 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते, म्हणजे जुन्या रजिस्टरातून नोंद शोधून ती चढवायची. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं आणि तोवर पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. इसार द्या, बाकी नोंद दिसल्यावर.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण होतं, सोबत पर्यावरण कर. पासिंग बरीच वर्षं संपलेलं असेल तर थकीत रक्कम गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. शुल्क अलीकडच्या काळात चांगलंच वाढलं आहे, तेव्हा जुन्या माणसाने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. त्याच दिवशी संकेतस्थळावर बघा. 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच' हा समज मात्र सोडा. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची ती भानगड दिल्लीकडची. आपल्याकडे गाडी तपासणीत पास होते की नाही हे बघतात.

ट्रॅक्टरचा मोठा सापळा म्हणजे बोजा. जुन्या काळी ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या, जिल्हा बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जावर यायचा, आणि कर्ज फिटलं तरी नोंद उतरवायची राहून जायची. आरसी बघा आणि सातबाराच्या इतर हक्कांतही बघा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचं बुक वेगळं मागा.

घरचाच ट्रॅक्टर असेल आणि तो आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. इथे मेकॅनिकपेक्षा चुलत्यांची मर्जी महत्त्वाची. ट्रॅक्टर गंजत होता तोवर कुणाचाच नव्हता. तुम्ही त्यावर पैसे घातले की तो सगळ्यांचा होतो. म्हणून सह्या आधी, बोअरिंग नंतर.

व्हिंटेज नोंदणीबद्दल दोन शब्द. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकी आणि मोटारींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,०००. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यांसाठीच काढायची. रोज ऑफिसला न्यायची नाही. तुमच्या गाडीची साधी नोंदणी जिवंत असेल तर ती जपा, उगाच व्हीएच्या मागे लागू नका. ट्रॅक्टर या नियमात येत नाही.

५. गाडी बघायला जाताना

सोबत न्यायच्या वस्तू: टॉर्च, लोहचुंबक, जुनं फडकं, टिनरची छोटी बाटली, कागद-पेन्सिल, आणि गाडीचं वेड नसलेला एक मित्र.

चेसिस नंबर रंगाच्या थरांखाली गेलेला असतो. टिनरने पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या. छापातले आकडे आणि बुकातले आकडे एकेक करून ताडा. एखादा आकडा बाकीच्यांच्या ओळीत नसेल, किंवा भोवतालचा पत्रा घासलेला दिसला, तर चहा पिऊन परत या.

लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. मॅट उचला, पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. डिकीत स्टेपनीखाली आणि बॅटरीखाली बघा. इंजिन महाग वाटतं, पण माझ्या मते गाडी बुडवतो तो पत्रा. इंजिनाचं बोअरिंग करणारे तालुक्याला मिळतात, गंजका फ्लोअर नीट बसवणारा माणूस जिल्ह्यात एखादाच असतो.

मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी गार ठेवा. गेल्यावर बॉनेट गरम लागलं तर ती तुमच्यासाठी आधी सुरू करून ठेवलेली आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर पाणी. ऑइल दुधासारखं झालं असेल तर हेड गॅस्केट किंवा त्याहून वाईट.

ट्रॅक्टरला आणखी दोन परीक्षा घ्या. नांगर जोडून लिफ्ट वर घ्या, इंजिन बंद करा आणि गप्पा मारत बसा. नांगर पाच मिनिटांत जमिनीला टेकला तर लिफ्टचं काम निघणार. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खडखडला तर किंगपिन-बुश किंवा बेअरिंग गेलं. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, पायडलचं रबर किती झिजलंय ते बघा.

६. वर्षानुवर्षं उभा ट्रॅक्टर जागा करताना

गावात कुणीतरी म्हणणारच, 'दुसरा ट्रॅक्टर लाव न् वढ, हुतोय चालू!' हे करू नका. रिंगा चिकटलेल्या असतील तर तुटतात. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी शोध घ्या. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं, एअर क्लीनरमध्ये उंदरांचं, आणि सीटखाली काय असेल ते काठीने बघायचं, हाताने नाही. जुन्या ट्रॅक्टरांचा एअर क्लीनर ऑइलचा असतो; त्याची वाटी काढा, तळाचा गाळ धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंत भरा.

डिझेल टाकी पूर्ण रिकामी करा. खाली पाणी आणि काळा चिकट गाळ निघेल. दोन्ही फिल्टर बदला. इंजिन ऑइल काढून नवं भरा. रेडिएटरमध्ये पाणी घाला आणि खाली कुठे ठिबकतं ते बघा.

मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा, एक-दोन रात्री तसंच राहू द्या. गिअर न्यूट्रलला टाकून इंजिन हाताने फिरवून बघा. जाम असेल तर घाई नको, पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. सुटलं की नोझल न लावताच सेल्फ मारा, म्हणजे आत साचलेलं सगळं बाहेर उडेल. तेव्हा समोर तोंड ठेवू नका. नोझल तपासायला डिझेल इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

आता एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपांत शिरलेली हवा, काढायचा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू एक-दीड आटा ढिला करा आणि डिझेलचा हातपंप मारत राहा. आधी नुसता फेस येतो, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग एकसंध धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हेच पुढे इंजेक्शन पंपावर करा. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट ढिले ठेवून सेल्फ मारा, डिझेल ठिबकलं की आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं आणि मग दवाखान्यातच जावं लागतं.

चालू करण्याआधी बंद कसा करायचा ते पक्कं करा. स्टॉपची तार गंजलेली असते. ती चालते का बघा, आणि एक सपाट फळी हाताशी ठेवा. इंजिन बेभान झालं तर एअर क्लीनरचं तोंड फळीने दाबायचं, हाताने नाही.

इंजिन सुरू झालं की लगेच ऑइल प्रेशर बघा. दहा सेकंदांत काटा हलला नाही तर बंद. हलला तर कमी रेसवर चालू द्या. पहिला काळा धूर शेडभर होईल, तेव्हा वाळत घातलेले कपडे आधीच काढायला सांगा.

मोटारीचं काम यामानाने सोपं: जुनं पेट्रोल फेकायचं, कार्बोरेटरची वाटी धुवायची, सीबी पॉइंट (ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ करून ०.४ मिलिमीटरच्या आसपास गॅप लावायचा. पण ब्रेकचे व्हील सिलिंडर बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

७. मिस्त्री आणि पार्ट

मिस्त्री साठीच्या पुढचा बघा, आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा असेल तर उत्तम. त्याला तारीख विचारू नका, नाहीतर तो खोटी तारीख सांगेल. ठरावीक वारी जाऊन तिथे बसा. सुटलेला प्रत्येक नट डब्यात टाकून डब्यावर नाव लिहा, एवढं तुमचं काम.

पार्टांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात जुना बाजार. जुना नमुना हातात घेऊन जा. नाव सांगून आणलेला पार्ट बसेलच असं नाही. बी-२७५, मॅसी यांचे पार्ट आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. गाडीतला जुना पार्ट काढला तर भंगारात देऊ नका, नवा टिकेल याची खात्री नसते.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो किंवा फाटतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाका आणि महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नका. आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटखाली असू द्या.

टायर रेषांवरून नाही, वयावरून बघा. बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

८. चालवताना

ड्रम ब्रेकची गाडी उशिरा थांबते. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ट्रॅफिकमध्ये तापमानाच्या काट्याकडे डोळा असू द्या आणि काटा चढला की सरळ बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही.

जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर वाचवणारी कमान नसते. ओढायची वस्तू खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच, जोडा. ॲक्सलला किंवा टॉप लिंकला (लिफ्टच्या वरच्या सांध्याला) साखळी बांधून झाडाचं खोड ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटा होतो, उडी मारायला वेळ मिळत नाही. पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो. उपरणं, पदर, ओढणी, सैल शर्ट यांपैकी काहीही घालून जवळ जायचं नाही. मडगार्डवर मुलांना बसवून फोटो काढायचा तर इंजिन बंद करून.

९. पावसाळ्याआधी

मे महिन्यात बॅटरीची अर्थिंग काढा. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर डबा उपडा घाला. क्लचचं पायडल दाबून फळीने अडकवून ठेवा, नाहीतर प्लेट चिकटते. मोटारीच्या काचा बोटभर उघड्या ठेवा, आत बुरशी येत नाही. मात्र बॉनेटखाली वायरिंगला उंदीर लागतो, त्याचा बंदोबस्त करा. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटून पत्रा गंजतो. सुती कव्हर बरं. आणि उघडीप मिळाली की इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवा. दोन मिनिटं घरघर करून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो.